प्रोजेक्टर का गुदमरतो?

विशेष प्रतिनिधी

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात फेब्रुवारी संपत आला की शेताशेतांतून धूर दिसू लागतो. नागली, वरई आणि भात यांची रोपे जिथे करायची, तो जमिनीचा तुकडा आधी भाजून घ्यायचा, ही इथली जुनी रीत. झाडांच्या बारीक फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर रचून ते पेटवले जातात. यालाच राब भाजणे म्हणतात. या राखेतले हलके कण वाऱ्याबरोबर पाड्यावर पसरतात. ते कौलांवर बसतात, अंगणातल्या हंड्यांवर बसतात आणि उघड्या खिडकीतून शाळेच्या वर्गातही येतात. त्याच वेळी वर्गातला प्रोजेक्टर सुरू असेल, तर त्याचा पंखा ही राख हवेबरोबर आत ओढून घेतो.

परिणाम लगेच दिसत नाही. आधी चित्र किंचित मंद होते. मग पडद्याच्या एखाद्या कोपऱ्यात हिरवट किंवा निळसर डाग उमटतो. पुढे धडा अर्ध्यावर असतानाच यंत्र आपोआप बंद पडते आणि त्यावरचा छोटा लाल दिवा लुकलुकू लागतो. ‘बल्ब गेला’ असे निदान होते. नवा बल्ब काही हजार रुपयांचा. तो मागवायचा कुठून आणि पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न सुटेपर्यंत प्रोजेक्टर कपाटात जातो. प्रत्यक्षात अशा वेळी बल्ब शाबूत असण्याची शक्यता बरीच असते. हवा आत येण्याची वाट धुळीने बुजल्यामुळे यंत्र तापलेले असते आणि स्वतःला वाचवण्यासाठी ते बंद पडलेले असते.

शहरातल्या वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या अनेक घरांच्या हॉलमध्ये आता टीव्हीच्या जागी किंवा टीव्हीच्या जोडीला प्रोजेक्टर आला आहे. तिथे राबाची राख नसली, तरी शेजारच्या बांधकामाची धूळ आहे, फोडणीची तेलकट वाफ आहे, देवापुढची उदबत्ती आणि डास पळवण्याचे कॉइल आहे. शिवाय या दोन ठिकाणांना जोडणारा आणखी एक धागा आहे. शहरातली मंडळी, संस्था आणि कंपन्या वापरलेले प्रोजेक्टर आदिवासी भागातल्या शाळांना देतात. यंत्र पोचते, पण ते कसे झाडायचे, कसे पुसायचे आणि कुठे हात लावायचा नाही, हे सांगणारे त्याच्याबरोबर सहसा कोणी जात नाही. म्हणूनच या साध्या वाटणाऱ्या कामाची नीट ओळख करून घ्यायला हवी.

वर्गात पडदा आला कसा?

महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये प्रोजेक्टर पोचण्याचा इतिहास फार जुना नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधील प्राध्यापक कीर्ती त्रिवेदी यांच्या कल्पनेतून ‘के-यान’ हे यंत्र तयार झाले. संगणक आणि प्रोजेक्टर एकाच पेटीत बसवून ती पेटी वर्गावर्गात फिरवता यावी, हा त्यामागचा विचार होता. त्यानंतर २२ जून २०१५ रोजी राज्य शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा निर्णय काढला. त्या सुमारास जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ करण्याची जणू चळवळच सुरू झाली. मोखाड्याच्या शेजारच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथील शाळा संदीप गुंड या शिक्षकाच्या प्रयत्नांतून राज्यभर ओळखली गेली आणि अनेक शिक्षक ती पाहून आपापल्या गावी कामाला लागले.

या चळवळीचा मोठा भार लोकसहभागाने उचलला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, शिक्षकांनी पदरमोड केली, देणगीदार शोधले. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यातले जव्हार आणि मोखाडा हे आदिवासीबहुल तालुके. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी या समाजांची मुले इथल्या शाळांत आणि आश्रमशाळांत शिकतात. दिवाळीनंतर कामासाठी अनेक कुटुंबे स्थलांतर करतात आणि मुलांना शाळेत टिकवणे ही शिक्षकांची रोजची लढाई असते. घरात वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातले प्रमाण मराठी परके वाटते. समुद्र, आगगाडी किंवा किल्ला पडद्यावर दिसला की तोच धडा त्याला जवळचा वाटू लागतो. अशा ठिकाणी बंद पडलेला प्रोजेक्टर म्हणजे केवळ बिघडलेली वस्तू नसते. ज्या गावाने पन्नास-शंभर रुपयांनी वर्गणी दिली, ते गाव पुढच्या वेळी हात आखडता घेते.

पेटीच्या आत काय असते?

प्रोजेक्टरचे काम तीन टप्प्यांत चालते. एक प्रखर दिवा प्रकाश देतो, मधली एक लहानशी चकती त्या प्रकाशाचे चित्र बनवते आणि पुढचे भिंग ते चित्र मोठे करून पडद्यावर टाकते. दिवा साधारण २०० वॅटचा असला, तर त्यातला थोडाच भाग प्रकाश होऊन पडद्यापर्यंत पोचतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ती बाहेर काढण्यासाठी एक किंवा अधिक पंखे सतत हवा खेचत असतात. थोडक्यात, प्रोजेक्टर सुरू असताना तो खोलीतली हवा शोषणाऱ्या व्हॅक्युम क्लीनरसारखा वागतो. खोलीत जे जे तरंगते, ते त्याच्या पोटात जाते.

चित्र बनवणाऱ्या भागाचे मुख्य प्रकार दोन. पहिला एलसीडी. यात लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशासाठी तीन वेगवेगळे पॅनल असतात. या पॅनलना सतत थंड हवा लागते, त्यामुळे ते पूर्ण बंदिस्त ठेवता येत नाहीत. हवेच्या वाटेवर फिल्टर बसवलेला असतो. दुसरा प्रकार डीएलपी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेल्या चिपवर तो चालतो. नखाएवढ्या या चिपवर अतिसूक्ष्म आरसे असतात. १२८० गुणिले ८०० ठिपक्यांचे चित्र दाखवणाऱ्या चिपवर त्यांची संख्या १० लाख २४ हजार होते. हे आरसे सेकंदाला हजारो वेळा कलतात आणि त्यातून चित्र तयार होते. डीएलपी यंत्रात हा भाग बहुधा बंदिस्त असतो, त्यामुळे डाग कमी पडतात. मात्र धूळ पंख्यावर, दिव्याच्या कप्प्यात आणि रंगचक्रावर बसायची ती बसतेच.

एवढासा कण इतका मोठा डाग कसा पाडतो, याचे उत्तर साध्या गणितात आहे. पॅनलचा कर्ण ०.६ इंच आणि पडद्यावरच्या चित्राचा १०० इंच धरला, तर चित्र सुमारे १६६ पट मोठे होते. म्हणजे पॅनलवर बसलेला एक दशांश मिलिमीटरचा कण पडद्यावर दीड सेंटिमीटरहून मोठा दिसतो. तो पॅनलपासून किंचित दूर असेल, तर अस्पष्ट होऊन आणखी पसरतो.

डाग वाचायला शिकावे

डॉक्टर औषध देण्याआधी नाडी पाहतो, तसे पेटी उघडण्याआधी डाग पाहावा. खोलीत अंधार करून आधी पूर्ण काळे आणि मग पूर्ण पांढरे चित्र पडद्यावर आणावे. भिंगाची फोकसची कडी दोन्ही बाजूंना हळूहळू फिरवावी आणि काय बदलते ते टिपावे.

काळ्या चित्रावर धूसर कडांचा हिरवा, लाल किंवा निळा ठिपका दिसला, तर एलसीडीच्या त्या रंगाच्या पॅनलजवळ धूळ आहे. काळे चित्र दाखवताना पॅनल आणि त्याच्या पुढची पोलरायझर ही पट्टी मिळून प्रकाश अडवतात. धुळीचा कण तो प्रकाश विखुरतो, त्यातला काही निसटतो आणि त्या रंगाचा डाग होतो. पांढऱ्या चित्रावर याच्या उलट घडते. कण तो रंग अडवतो. त्यामुळे हिरव्या पॅनलजवळ धूळ असेल, तर पांढऱ्या पडद्यावर डाग गुलाबी-जांभळट दिसतो.

डीएलपी प्रोजेक्टरवर बारीक, टोकदार पांढऱ्या किंवा काळ्या चांदण्या दिसू लागल्या आणि दिवसेंदिवस वाढत गेल्या, तर ती धूळ नाही. चिपवरचे आरसे अडकल्याची ती खूण आहे. अशा वेळी पुसून काहीही साध्य होत नाही, चिप बदलावी लागते. मात्र आरसे अडकण्यामागे उष्णता हे मोठे कारण असते आणि उष्णतेमागे बऱ्याचदा बुजलेली जाळी असते.

चित्राचा एखादा भाग कायमचा पिवळट किंवा निळसर झाला असेल आणि फोकस फिरवूनही तो तसाच राहत असेल, तर पोलरायझर उष्णतेने करपला असण्याची शक्यता आहे. तोही पुसून सुधारत नाही. डाग कुठेच नाही, पण सगळे चित्र धुरकट आहे, असे असेल तर पुढच्या भिंगावर धूळ, बोटांचे ठसे किंवा पावसाळ्यातली बुरशी असू शकते. बाहेरच्या भिंगावरचा एखादा कण सहसा पडद्यावर वेगळा डाग म्हणून दिसत नाही, तो चित्राचा उठाव तेवढा कमी करतो. आणि यंत्र दहा-पंधरा मिनिटांत बंद पडत असेल, तर सर्वांत आधी फिल्टर पाहावा.

बाहेरची सफाई: महिन्याला वीस मिनिटे

बऱ्याच प्रोजेक्टरना आत हात घालण्याची वेळ येऊच नये. बाहेरची सफाई वेळच्या वेळी झाली, तर ती येतही नाही. यासाठी लागणारे सामान मोजकेच आहे. रंगकामाचा नवा मऊ ब्रश, कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारा हवा फुंकायचा रबरी फुगा आणि चष्म्यासाठी वापरतात तसे मायक्रोफायबरचे स्वच्छ फडके. हे सगळे काही शे रुपयांत होते.

आधी रिमोटने यंत्र बंद करावे आणि पंखा थांबेपर्यंत थांबावे. मग पिन काढून निदान तासभर यंत्र थंड होऊ द्यावे. त्यानंतर हवेच्या जाळ्या ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडाव्यात. फिल्टरचे झाकण बाजूला किंवा खाली असते. फिल्टर काढल्यावर तो खोलीबाहेर नेऊन हलकेच आपटावा आणि ब्रशने झाडावा. व्हॅक्युम क्लीनर असल्यास कमी जोरावर बाहेरच्या बाजूने वापरावा. फिल्टर पाण्याने धुण्याचा मोह अनेकांना होतो. यंत्राच्या पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिले असेल तरच धुवावा. काही फिल्टर धूळ पकडण्यासाठी स्थिर विद्युतभार वापरतात, ते पाण्याने निकामी होतात. फाटलेला फिल्टर बदलावा. फिल्टर काढून टाकून यंत्र तसेच चालवणे हा तर शुद्ध आत्मघात.

पुढच्या भिंगावर आधी फुग्याने हवा मारावी. कण उडाल्यावरच फडके लावावे, नाहीतर तोच कण भिंगावर चरे पाडतो. ठसा राहिला असेल, तर भिंगासाठीचा द्रव फडक्यावर घेऊन मध्यापासून बाहेर गोल पुसावे. द्रव थेट भिंगावर फवारू नये. साडीचा पदर, टॉवेल, वर्तमानपत्र आणि खिडक्यांसाठीचा अमोनियायुक्त द्रव यांपैकी काहीही चालत नाही. शेवटी यंत्राच्या मेनूत फिल्टरच्या तासांची नोंद असेल, तर ती पुन्हा शून्यावर आणावी.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली, पंक्चरच्या दुकानातली हवा. तिच्यात पाण्याचा आणि तेलाचा अंश असतो आणि दाब इतका की धूळ बाहेर येण्याऐवजी खोल जाते. दुसरी, डब्यातली दाबलेली वायूची फवारणी. त्यातले काही वायू ज्वालाग्राही असतात आणि आतल्या तप्त दिव्याजवळ ते पेट घेऊ शकतात.

आत हात घालण्यापूर्वी

बाहेरची सफाई करूनही डाग राहिला, तर पेटी उघडण्याचा विचार मनात येतो. इथे आधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. यंत्राची वॉरंटी शिल्लक आहे का? असेल, तर उघडताच ती संपते. यंत्र लेसरचे आहे का? असेल, तर घरी मुळीच उघडू नये, कारण आतला प्रकाश डोळा कायमचा निकामी करू शकतो. आणि तिसरा प्रश्न, यात पाऱ्याचा दिवा आहे का?

बल्बवाल्या प्रोजेक्टरमधला दिवा साधा नसतो. त्यात काही मिलिग्रॅम पारा असतो आणि चालू असताना आतला दाब २०० वातावरणांच्या वर जातो. तो पेटवताना काही हजार व्होल्टचा दाब दिला जातो. त्यामुळे दिवा गरम असताना झाकण उघडू नये, त्याच्या काचेला बोट लावू नये आणि वीज जोडलेली असताना पेटीत काही करू नये. पिन काढल्यावरही आतल्या भागांत काही काळ विद्युतभार राहतो. दिवा फुटल्याचा आवाज आला, तर खिडक्या उघडून मुलांना लगेच बाहेर काढावे आणि खोली बराच वेळ मोकळी ठेवावी. तुकडे झाडूने किंवा व्हॅक्युमने गोळा करू नयेत. हातमोजे घालून जाड कागदाने उचलावेत, बंद डब्यात ठेवावेत आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावेत. छताला टांगलेला दिवा फुटला असेल, तर झाकण उघडताना काच डोळ्यांत पडू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

एवढे जाणून जो पुढे जाईल, त्याने जागा नीट निवडावी. खोलीचा पंखा बंद ठेवावा आणि लादी अर्धा तास आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. मग उडालेली धूळ खाली बसते. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. काढलेले स्क्रू पांढऱ्या कागदावर क्रमाने ठेवून शेजारी आकडे लिहावेत. आतल्या पंख्यावर हवा मारताना त्याची पाती बोटाने धरून ठेवावी, ती गरगर फिरू देऊ नये. आतल्या पॅनलवर आणि पोलरायझरवर फक्त फुग्याची हवा मारावी, फडके लावू नये. डीएलपीचा बंदिस्त भाग बंदच ठेवावा. झाकण पूर्ण बसवल्याशिवाय यंत्र सुरू करू नये आणि सुरू असताना भिंगात डोकावू नये.

स्वस्त यंत्रांची गोष्ट वेगळी

ऑनलाइन बाजारात काही हजार रुपयांना मिळणाऱ्या लहान एलईडी प्रोजेक्टरना बहुधा चांगला फिल्टर नसतो आणि प्रकाशाची वाटही बंदिस्त नसते. त्यांत एकच एलसीडी असतो, त्याच्या पुढेमागे खोबणींची पातळ फ्रेस्नेल भिंगे असतात आणि उष्णता अडवणारी एक काच असते. पंख्याची हवा थेट यांच्यामधून जाते. त्यामुळे वर्ष-सहा महिन्यांत डाग पडणे जवळजवळ ठरलेलेच. दिलासा एवढाच की त्यांत पाऱ्याचा दिवा नसतो. थंड केलेले आणि वीज तोडलेले असे यंत्र जपून उघडता येते. स्क्रू पुष्कळदा तळाच्या रबरी पायांखाली लपलेले असतात.

या कामात घाई किती महाग पडते, याचा धडा प्रस्तुत प्रतिनिधीने स्वतःच्या घरी घेतला आहे. जुन्या एलईडी प्रोजेक्टरचे झाकण उघडले, कण समोर दिसला आणि चष्म्यावर मारावी तशी तोंडाने फुंकर मारली. कण उडाला, पण थुंकीचे बारीक तुषार फ्रेस्नेल भिंगावर बसले. ते फडक्याने पुसताच भिंगाच्या खोबणींत धागे अडकले. एका डागाच्या जागी पडद्यावर सात-आठ रेषा आल्या. अखेर ते भिंग काढून कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून, न घासता धुवावे लागले आणि दिवसभर सावलीत वाळवावे लागले. फुंकर फुग्यानेच मारावी, तोंडाने नाही, हे तेव्हापासून पाठ झाले.

खडू, कुंभारीण आणि पावसाळा

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. जून ते सप्टेंबर इथे पाऊस कोसळतो आणि धुके वर्गात शिरते. उन्हाळ्यात आत साठलेली धूळ या दिवसांत ओल धरते. कोरडी धूळ ब्रशने निघते, पण एकदा ओली होऊन वाळली की ती चिकटून बसते. म्हणून वर्षातली सर्वांत महत्त्वाची सफाई मृगाच्या आधी, मे महिन्याच्या अखेरीस व्हायला हवी. उन्हाळी सुटीनंतर शाळा उघडते तेव्हाही, यंत्र सुरू करण्याआधी त्याच्या जाळ्या निरखून पाहाव्यात. कुंभारीण माशी बंद खोलीत कुठल्याही भोकात मातीचे घर बांधते. हवेच्या जाळीत असे घर राहिले, तर पहिल्याच तासाला यंत्र तापते.

पावसाळ्यात यंत्र महिनोन्महिने बंद ठेवू नये. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवल्यास आतली ओल उडते आणि भिंगाला बुरशी लागत नाही. कपाटात ठेवायचे असेल, तर नव्या बुटांच्या किंवा औषधांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जवळ ठेवाव्यात. थंड झालेल्या यंत्रावर कापड टाकावे, गरम यंत्रावर कधीही नाही.

वर्गात धुळीचा आणखी एक झरा असतो, तो म्हणजे खडू. फळ्याजवळ बसवलेल्या शॉर्ट-थ्रो प्रोजेक्टरला त्याचा सर्वाधिक त्रास होतो. त्यांतल्या काहींचा आरसा किंवा काच वरच्या बाजूला उघडी असते आणि डस्टर आपटला की भुकटी नेमकी तिथे बसते. फळा ओल्या फडक्याने पुसणे हा त्यावरचा सोपा उपाय. राब पेटलेले असतील त्या दिवशी वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लावून घ्याव्यात किंवा त्या तासाला प्रोजेक्टर न लावता गोष्ट सांगावी. शहरातल्या घरीही हाच नियम आहे. फोडणी सुरू असताना, धूप जाळताना किंवा कॉइल लावलेले असताना प्रोजेक्टर बंद ठेवावा. या धुरातली तेलकट काजळी फुग्याच्या हवेने निघत नाही.

खेड्यात वीज अचानक जाते, हा वेगळा धोका. वीज गेली की पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा बंद पेटीत तसाच राहतो. बल्बवाल्या यंत्राला दहा मिनिटे पुरेल एवढा लहान इन्व्हर्टर जोडला, तर यंत्र रीतसर थंड करून बंद करता येते.

देणगीबरोबर ब्रशही द्यावा

मोखाड्याहून रस्ता घाट चढून त्र्यंबकेश्वरला जातो. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० मध्ये तिथेच झाला. पुढे कित्येक दशके महाराष्ट्राच्या जत्राजत्रांतून तंबूतले सिनेमे फिरले. त्या काळी फिल्मच्या यंत्राबरोबर त्याचा ऑपरेटर असायचा. खेळ सुरू करण्याआधी फिल्म सरकते ती खाच ब्रशने झाडणे हे त्याचे ठरलेले काम होते, कारण तिथे अडकलेला एक केसही पडद्यावर दोरखंडासारखा दिसे. आजचे यंत्र हलके झाले, स्वस्त झाले आणि एकटेच प्रवास करू लागले. ऑपरेटर मागे राहिला आणि त्याच्याबरोबर झाडण्याची सवयही.

घरातला जुना प्रोजेक्टर शाळेला देण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांनी म्हणूनच काही गोष्टी आधी कराव्यात. यंत्र स्वच्छ करावे आणि सलग दोन तास चालवून पाहावे. दिव्याचे किती तास झाले, ते मेनूत पाहून कागदावर लिहावे. जुन्या दिव्यांचे आयुष्य साधारण दोन ते पाच हजार तासांचे असते. त्याच्या शेवटाला आलेला दिवा देणे म्हणजे शाळेच्या गळ्यात खर्च बांधणे. एक जादा फिल्टर, ब्रश, फुगा आणि फडके सोबत द्यावे. डीएलपी की एलसीडी, फिल्टर कुठे आहे, कशाला हात लावायचा नाही, एवढी माहिती मराठीत एका पानावर लिहून ते पान यंत्राच्या पेटीला चिकटवावे. शक्य असेल तर स्वतः जाऊन शिक्षकांच्या देखत एकदा फिल्टर काढून दाखवावा. फोनवरून दहा वेळा सांगून जे कळत नाही, ते एकदा पाहून कळते.

शाळांना त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. फळा पुसण्याची, वर्ग झाडण्याची पाळी तिथे रोज लागते. त्याच तक्त्यावर महिन्यातून एकदा ‘फिल्टर’ असे लिहून पुढे शिक्षकाचे नाव घातले, सफाईची तारीख एका वहीत नोंदवली, की काम झाले. तो शिक्षक बदलून दुसऱ्या तालुक्यात गेला, तरी वही शाळेत राहते. राबाची राख दरवर्षी येणारच. ती आत साचू द्यायची की नाही, हे त्या वहीतल्या तारखांवर ठरेल.